ट्रॅक मागाहून द्या, आधी स्पीड उतरवा

पुण्यात सायकलीचा विषय काढला की पहिली दहा मिनिटं आठवणींतच जातात. पुणं कसं सायकलींचं शहर होतं, पिंपरी-खडकीकडच्या फॅक्टऱ्यांची शिफ्ट सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली कशा दिसायच्या, तासावर भाड्याने सायकल मिळायची, डबलसीट दिसलं की हवालदार चाकातली हवा सोडायचा, रात्री दिवा नसला की दंड. सगळं खरंय. मीपण त्यातलीच, वडिलांच्या मोठ्या सायकलवर हाफ पायडल मारत शिकलेली. पण ह्या आठवणींचा एक तोटा आहे, त्या सांगून झाल्या की लोकांना वाटतं सायकलीसाठी आपण काहीतरी केलं, आणि मग सगळे गाडीची चावी खिशात चाचपत घरी जातात.

लूना मोपेड आणि चेतक स्कूटर, दोन्ही १९७२ च्या सुमारास आल्या, दोन्ही कंपन्या आपल्याच, आणि तिथून पुढे जे झालं ते आपण सगळ्यांनी मिळून हौसेने केलंय. २०१८ मध्ये बातमी होती की शहरात नोंदणी झालेल्या गाड्यांचा आकडा लोकसंख्येच्या पुढे गेला. म्हणजे तान्ह्या बाळाच्या नावावरपण एक गाडी. हे वाचून कोणाला धक्काबिक्का बसल्याचं मला आठवत नाही.

आता मुद्द्यावर येते. आमच्या भागात गेली काही वर्षं आम्ही थोडी माणसं रस्त्यासाठी भांडतोय. कारण काही फार वेगळं नाही. रस्ता सिमेंटचा झाला, गुळगुळीत झाला, रुंद झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच वर्षी पहाटे एका दूधवाल्याला कारने उडवलं. माणूस वाचला, पाय मोडला, सायकल भंगारात गेली. मग व्हॉट्सअॅप ग्रुप झाला, ग्रुपला नाव काय द्यायचं ह्यावर दोन दिवस वाद झाला (पुणे आहे शेवटी), आणि पहिली मागणी सगळ्यांनी एकमताने ठरवली ती म्हणजे सायकल ट्रॅक.

मला तेव्हाच ते पटत नव्हतं, कारण ट्रॅक म्हणजे काय ते ह्या शहराने बघितलेलं आहे. २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन, सुरू झाली, शहरं सुधारायच्या केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेचा पैसा आला, त्याच्याबरोबर रस्त्याकडेने ट्रॅक झाले. असल्या एखाद्या ट्रॅकवर सायकल घालून बघा. सुरुवातीला रॅम्प असतो, बरा असतो. मग पेव्हर ब्लॉक सुरू होतात, हँडल दातांपर्यंत वाजतं. पन्नास पावलांवर विजेच्या डीपीचा डबा. त्याला वळसा घातला की मोटारसायकली घुसू नयेत म्हणून लावलेले खांब, ज्याच्यातून मोटारसायकल आरामात जाते आणि दुधाच्या किटल्या लावलेली सायकल जात नाही. पुढे सोसायटीचं गेट, तिथे ट्रॅक फूटभर खाली उतरतो आणि परत चढतो. पुढे वडापावची गाडी, तिच्यावर माझा काही राग नाही, लोक तिथेच उभे राहणार. आणि शेवटी एक झाड, झाडाच्या मागे ट्रॅक संपला. संपला म्हणजे कुठे जायचं ते काही नाही, भर चौकाच्या तोंडावर तुम्हाला आणून सोडलं आणि चौकातच तर माणूस मरतो.

डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने अख्खा सायकल आराखडा मंजूर केला, आठशेहून जास्त किलोमीटरचं जाळं कागदावर. त्याच महिन्यात औंधमध्ये भाड्याच्या सायकली आल्या, मग वर्षभर पिवळ्या, केशरी अशा रंगीबेरंगी सायकली शहरभर दिसायच्या, मग हळूहळू कुलूप तोडलेल्या, सीट गायब झालेल्या दिसायला लागल्या, आणि मग दिसेनाशाच झाल्या. जंगली महाराज रस्ता मात्र खरंच छान केला, फुटपाथ बघून परगावचे लोक फोटो काढतात, बाजूच्या ट्रॅकवर दुचाकी लावलेल्या असतात तो भाग फोटोत घेत नाहीत.

म्हणजे कोणी बोललंच नाही असं नाही हां. परिसर संस्थेचे लोक १९८० च्या दशकापासून ओरडतायत की रस्ते माणसांसाठी मोजा, गाड्यांसाठी नको. सेव्ह पुणे ट्रॅफिक मूव्हमेंट आहे, पेडेस्ट्रियन्स फर्स्ट आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातपण तेच लिहिलंय. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन केला, दिवसभर गाड्या बंद, लोक रस्त्याच्या मधोमध चालतायत, फार मजा आली होती. दुसऱ्या दिवशी परत होतं तसं.

तर आमच्या ग्रुपमधल्या एका निवृत्त मास्तरांनी एक बरी गोष्ट सुचवली. म्हणाले, आपण आधी बघू तरी की सायकल चालवतंय कोण. मग आम्ही आळीपाळीने सकाळी कट्ट्यावर बसायला लागलो. आणि जे दिसलं त्याने माझं तरी डोकं ठिकाणावर आलं. सकाळी सहा ते आठ सगळ्यात जास्त सायकली. वॉचमनची शिफ्ट बदलते तेव्हा, पेपरवाली पोरं, दूधवाले, हँडलला बादली आणि ब्रश अडकवलेले रंगारी, घरकामाला येणाऱ्या दोघीतिघी. शनिवार-रविवारी ह्याच्यात हेल्मेट-चष्मेवाली मंडळी मिसळतात, लाख लाखाच्या सायकली, सिंहगडाकडे निघालेली. तीपण आपलीच, त्यांनाही गाडीखाली यायचं नाहीये. पण रोजची सायकल ज्यांची आहे त्यातला एकही माणूस आमच्या ग्रुपमध्ये नव्हता. कसा असेल, आमची मीटिंग रविवारी अकराला, तेव्हा तो ड्युटीवर.

एक वॉचमन रोज राँग साइडने यायचा. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांचा राग अनावर, "शिस्त म्हणून नाही लोकांना." मी त्याला थांबवून विचारलं. तो म्हणाला, मॅडम, डिव्हायडरला कट कुठंय ते बघा की, तिकडून यायचं तर पार पेट्रोल पंपापर्यंत जाऊन यू टर्न, चढ आहे, रात्रपाळी करून आलेलो असतो. हे ऐकून काका गप्प. कारमध्ये बसलं की तेवढ्या अंतराचं काही वाटत नाही, ॲक्सिलरेटर दाबला की झालं. मग मी त्याला विचारलं, तुम्हाला काय पाहिजे, सायकलचा वेगळा रस्ता केला तर बरं होईल का? तो हसला. "ट्रॅकबिक राहू द्या हो. त्या वळणावर गाड्या लय जोरात येतात, तेवढं बघा."

माझ्या मते ह्या विषयावर पुण्यात झालेल्या अर्ध्या सेमिनारांपेक्षा हे वाक्य जास्त कामाचं आहे.

जोरात म्हणजे किती जोरात, हे मोजायला आम्ही जो प्रकार केला तो कोणीही करू शकतं, म्हणून सांगते. रस्त्याच्या कडेला टेप लावून बरोबर ५० मीटर मोजायचे, दोन्ही टोकांना खडूने रेघ. पहिल्या रेघेवर एकाने हात खाली करायचा, दुसऱ्या रेघेवरच्याने मोबाईलचं स्टॉपवॉच चालू करायचं, गाडी आपल्यापाशी आली की बंद. ५० मीटरला सहा सेकंद लागले तर ३० चा स्पीड, तीन सेकंद लागले तर ६०. बस्स. सोसायटीतली पोरं ह्यावर तुटून पडली, सुट्टीच लागली होती. सगळ्यांनी वहीत लिहिलं. रडार गनइतकं अचूक नाही हे आम्हालाही कळतं, पण तीन आणि सहा ह्यातला फरक कळायला रडार कशाला पाहिजे.

वहीवरून दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे सहा सेकंदांच्या वर घेणारे सकाळी लवकर फारच थोडे. आणि दुसरी, जिची अपेक्षा मला नव्हती, ती म्हणजे संध्याकाळी सात वाजता, ज्या वेळी आपण सगळे 'काय हे ट्रॅफिक' म्हणून कपाळाला हात लावतो, त्या वेळी हा रस्ता सगळ्यात सुरक्षित असतो. कारण कोणाला पळताच येत नाही. जीव जातो तो रस्ता मोकळा असताना, पहाटे नाहीतर रात्री दहानंतर. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला एका अल्पवयीन पोराच्या भरधाव कारने उडवून ते दोघं तरुण इंजिनिअर गेले तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते, रस्ता मोकळा होता. त्यावर आपण दारूवर बोललो, पोरावर, बापावर, ब्लड सॅम्पलवर बोललो, सगळं बोलायलाच हवं होतं, पण शहरातल्या रस्त्यावर एवढा स्पीड घेता येतोच कसा ह्यावर फार कोणी बोललं नाही.

आणि कायदा तरी काय म्हणतो? २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर कारला ७० आणि दुचाकीला ६० ची कमाल मर्यादा आहे. स्थानिक पातळीवर ती कमी करता येते, पण कोणी मागितली तर. तिकडे फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला जगभरातले मंत्री जमले आणि जाहीर केलं की जिथे चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र असतात तिथे ३० ची मर्यादा पाहिजे. ३० का, तर ५० च्या स्पीडला ड्रायव्हरला दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला तरी तेवढ्यात गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक लागायचा अजून बाकीच. जागतिक आरोग्य संघटनेचं गणित तर आणखी सरळ आहे, सरासरी स्पीड एक टक्का वाढला की जीव जाणारे अपघात चार टक्के वाढतात. हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. अकरा अंगठे आले आणि एक गुड मॉर्निंग.

पण वहीतली खरी गंमत वेगळीच. पोरं हुशार, त्यांनी गाडीवरचे स्टिकरपण लिहिले होते. तीन सेकंदवाल्यांमध्ये बाहेरचे किती आणि आपल्या सोसायट्यांचे किती. आम्ही इतके दिवस 'बाहेरचं ट्रॅफिक' म्हणत होतो आणि बऱ्याच गाड्या निघाल्या आपल्याच पार्किंगमधल्या. हे मीटिंगमध्ये वाचून दाखवल्यावर जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. एक जण म्हणाले, सकाळी ऑफिसला उशीर होतो हो. तेच, सगळ्यांनाच होतो.

मग आला स्पीड ब्रेकर. आपल्याकडे ह्या सगळ्यावर एकच औषध, 'एक ब्रेकर टाकून द्या ना'. आणि टाकतातपण, रात्रीत. डांबरीकरणाचा माल उरला की कोणीतरी सांगतं, कोणीतरी ओततं, रोलर फिरवतं, पट्टे नाहीत, बोर्ड नाही, सकाळी पहिला स्कूटरवाला उडतो तेव्हा कळतं. इंडियन रोड्स काँग्रेसचं ह्याच्यावर आयआरसी ९९ नावाचं मार्गदर्शक पुस्तक आहे, १९८८ पासून आहे. त्यात गोल उंचवट्याचं माप दिलंय, रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर, म्हणजे २५ च्या स्पीडने गेलं तर दणका बसू नये आणि जास्त स्पीडने गेलं तर बसावा. आमच्या रस्त्यावरचे दोन ब्रेकर आम्ही गवंड्याकडची लेव्हलची नळी आणून मोजले. रुंदी मीटरभरसुद्धा नाही आणि उंची दीडपट. असल्यावर एसयूव्हीवाला थोडा हळू होऊन निघून जातो, त्याला काय, चाकं मोठी. रिक्षातल्या गरोदर बाईचे हाल. आणि सायकलवाला? तो ब्रेकरवरून जातच नाही. ब्रेकर आणि फुटपाथच्या मध्ये पाणी जायला जी फूटभर फट ठेवलेली असते ना, त्यातून जातो. स्कूटरवालेपण तिथूनच घुसतात. आणि त्या फटीतच पावसाळी चेंबरची जाळी असते, जिचे गज रस्त्याच्या दिशेनेच बसवलेले, सायकलचं चाक त्यात बरोबर मावतं. म्हणजे ज्याला वाचवायचं त्यालाच आपण सगळ्यात धोक्याच्या जागी ढकललं. ग्रुपमध्ये हे जागेवर नेऊन दाखवेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्या दिवशी निदान चेंबरच्या जाळ्या आडव्या फिरवून घ्यायचं ठरलं आणि ते काम एका वेल्डरने लगेच केलंसुद्धा, कुठला ठराव नाही काही नाही.

स्पीड कमी करायचे ह्याच्यापेक्षा शहाणे उपाय आहेत आणि ते काही रॉकेट सायन्स नाही. चौकातला फुटपाथचा कोपरा जेवढा गोल आणि मोठा तेवढी गाडी वळताना ब्रेक मारत नाही, कोपरा आवळला की मारावाच लागतो. क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीवर उचलून घेतलं, दोन्हीकडून लांब उतार दिला, की चालणारा सपाट चालतो आणि गाडीला चढून उतरावं लागतं, ह्याला टेबलटॉप म्हणतात. सरळसोट रस्त्यावर पार्किंग एकदा डावीकडे एकदा उजवीकडे दिलं की ड्रायव्हरला रस्ता लांबवर सरळ दिसत नाही, पाय आपोआप उचलला जातो. आम्ही एका रविवारी वाहतूक पोलिसांना सांगून, कुंड्या आणि वाळूच्या पिशव्या मांडून कोपरा आवळून बघितला. पोरं खडू घेऊन बसली. तीन-साडेतीनवाले पाचवर आले, फक्त कुंड्यांनी! एका जास्वंदीचा बळी गेला, पण ठीके.

मग कागद. रस्ता एका खात्याचा, ना हरकत दुसऱ्या खात्याची, आणि हे म्हणतात आधी त्यांचं आणा, ते म्हणतात आधी ह्यांचं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासक होता, म्हणजे ज्याच्या दारात जाऊन बसावं असं कोणी नव्हतं. नगरसेवकाला आपण कितीही नावं ठेवली तरी तो लग्नकार्यात भेटतो, तिथे गाठता तरी येतो. एका ऑफिसात एक तरुण इंजिनिअर भेटला, चांगला मुलगा, त्याने मला चहा पाजला आणि खरं ते सांगितलं. "मॅडम, ट्रॅक मागा, ट्रॅकला बजेटमध्ये हेड आहे, म्हणजे खर्चाचं खातं, लांबी आहे, टेंडर निघतं. गाड्या हळू करायला हेडच नाहीये. कुठल्या कामात दाखवू?" तेव्हा मला झाडापाशी संपणाऱ्या ट्रॅकचं कोडं सुटलं. ट्रॅक किलोमीटरमध्ये मोजता येतो, उद्घाटन होतं. वळणावर गाडी हळू झाली ह्याचं उद्घाटन कसं करणार, फीत कुठे बांधणार.

शेवटी त्यानेच वाट काढली, फुटपाथ दुरुस्तीच्या कामात आमचं एक क्रॉसिंग उचलून घेतलं.

विरोध झाला नाही असं समजू नका. ह्या शहरात हेल्मेटच्या विरोधात पगड्या घालून मोर्चा निघालाय २०१९ मध्ये, तिथे आम्ही कोण. दुकानदारांचं म्हणणं गिऱ्हाईकाची गाडी कुठे लागणार. खरं दुखणं पार्किंगचंच आहे, बाकी सगळं वरवरचं. २०१८ मध्ये महापालिकेने रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे घ्यायचं धोरण आणलं, शेवटी प्रयोग म्हणून मोजक्या पाच रस्त्यांवर आलं आणि तिथेच रुतलं. फुकटात रस्त्यावर गाडी लावणं हा आपण जन्मसिद्ध हक्क समजतो, आणि रस्त्याची ती बाजू गाड्यांनी भरली की सायकलवाला आपोआप मधल्या लेनमध्ये ढकलला जातो, मग बसवाला हॉर्न मारतो, मग आपण म्हणतो सायकलवाल्यांना अक्कल नाही.

मुलांचं तर बोलूच नका. राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमातून खेड्यापाड्यातल्या मुलींना शाळेत जायला सायकली देतं, आणि त्या जातात, कित्येकींची शाळा त्या सायकलीमुळे टिकली. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरापोरींच्या गिअरच्या सायकली धूळ खात लटकल्यात, शाळा हाकेच्या अंतरावर आणि पोरं व्हॅनने. आयांना दोष देणार नाही मी, त्या वळणावरून मीही नातीला एकटीला सोडत नाही.

टेबलटॉप झाल्यावर पोरांनी परत खडू काढला. क्रॉसिंगपाशी स्पीड छान उतरलाय. पण शंभर मीटरवर गाड्या परत सुटतात, इथे गेलेला वेळ तिथे भरून काढतात, त्यामुळे असं एक करून भागत नाही, ओळीने करावी लागतात. शिवाय क्रॉसिंगसमोरच्या बंगल्यातल्या आजोबांची तक्रार आली, रात्री ब्रेक मारल्याचा आणि नंतर गिअर टाकल्याचा आवाज येतो, झोपमोड होते. त्यांचं चूक नाही. उतार अजून लांब केला तर आवाज कमी होईल असं इंजिनिअरचं म्हणणं आहे. पांढरे पट्टे पहिल्याच पावसात गेले, ते थर्मोप्लास्टिकचे मारायला हवे होते, ऑइलपेंट मारून गेले. वॉचमनसाठी डिव्हायडरला सायकलपुरता कट मागितलाय, त्यावर 'दुचाकीवाले घुसतील' असं उत्तर आलंय, घुसतीलच, त्यामुळे तो विषय अजून भिजत पडलाय.

आता दुसरं क्रॉसिंग शाळेच्या गेटसमोर पाहिजे. त्यात चार गाड्यांचं पार्किंग जातंय आणि त्या चारातली एक आमच्या ग्रुपच्या ॲडमिनची आहे. या वेळी मीटिंग रविवारी नाही, मंगळवारी संध्याकाळी सहाला मारुतीच्या देवळामागच्या हॉलमध्ये ठेवलीये, म्हणजे दिवसपाळी सुटलेल्यांना येता येईल आणि रात्रपाळीवाल्यांनापण जायच्या आधी टेकता येईल. दोन वॉचमन आणि पेपरवाला नक्की येतो म्हणालेत. ॲडमिनचं अजून काही कळलेलं नाही.